कबरस्तानासमोरची पिंपं

रुख्साना मॅडमच्या धाकट्या भावाचा, इक्बालचा फोन आला तेव्हा मी दिवाळे गावच्या जेट्टीवर मासळी घेत होतो. "सर, आपा गेली. दफन गावालाच हाय," एवढंच तो बोलला. मॅडमना बरेच महिने बरं नव्हतं, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती... पण घेतलेली मासळी तिथंच विसरून आलो, हे घरी पोचल्यावर कळलं.

नेरूळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही वर्षानुवर्षं शेजारी बसून शिकवलं. त्या मूळच्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या. गावचं कबरस्तान समुद्राला लागून, आणि दर पावसाळ्यात लाटा त्याची कड खात. एका वर्षी त्यांच्या आजोबांची कबर गेली. सुट्टीहून परतल्या तेव्हा म्हणाल्या, "लाट किनाऱ्याला पोचायच्या आधीच तिची ताकद काढून घ्यायची, म्हात्रे. वीज मिळेल ती वरची." कल्पना आपली नाही, हे त्या प्रत्येकाला आवर्जून सांगत. बंद पिंपं पाण्यावर रांगेत बांधायची. लाटेबरोबर ती वरखाली झाली की त्यावर पंप आणि छोटं जनित्र चालतं, आणि तेवढा लाटेचा जोर उतरतो. पहिलं पिंप आम्ही माझ्या घरामागच्या खाडीत सोडलं. माझी काकी बोंबील सुकवत होती. "खाडीन कसल्या लाटा गो बाय! झोप लागंल त्याला," ती म्हणाली. मॅडम मोठ्यानं हसल्या.

मग कळंबोलीच्या लोखंड बाजारातून साखळ्या नेऊन त्यांच्या गावी रांग बसवली. पहिल्याच पावसाळ्यात साखळी तुटली आणि लाटेनं एक पिंप कबरस्तानाच्या भिंतीवर आणून आपटलं. भिंत पडली. इक्बाल गावातच बोट चालवतो. सगळ्यांदेखत तो म्हणाला, "आपा, दर्यानं केला नाय ता तू केलास." मॅडमनी भिंत बांधून दिली, आणि त्या वर्षीची ईद नेरूळच्या फ्लॅटमध्येच केली. त्यानंतर मोठी लाट आली की पिंपं तिच्याशी न झुंजता पाण्याखाली जातील, अशी रचना त्या कॉलेजच्या टाकीत पुन्हा पुन्हा करून पाहत राहिल्या. पण गावात पुन्हा रांग बसवायला इक्बाल काही तयार नव्हता. शेवटी त्यांच्या आईनंच त्याला विचारलं, "मग माला कुठं दफन करशील? पान्यात?"

मग बसवलेली नवी रांग टिकली. गावच्या जेट्टीवर त्या विजेचे दिवे लागले, मासळीच्या बर्फाची पेटी चालू लागली. किनारा खचायचा थांबला का, असं मी एकदा विचारलं होतं. "कमी झालं. थांबलं असं लिहू नका कुठं," त्या म्हणाल्या होत्या. म्हणून तसं लिहीत नाही. कबरस्तानात त्यांना जागा मिळाली ती समुद्राकडच्या कडेला, आईच्या शेजारी.

गेल्या आठवड्यात पुन्हा त्यांच्या गावी गेलो. इक्बाल मला बोटीतून पिंपांपाशी घेऊन गेला. साखळीचा एकेक सांधा त्यानं चाचपून पाहिला, पत्र्यावर चिकटलेली कालवं खरवडून काढली. काम संपल्यावरही बोट वळवली नाही. शेवटच्या पिंपावर तळहात ठेवून तो तसाच वाकून राहिला. पिंप वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं.

"काय बघतोस?" मी विचारलं.

"काय नाय. आपा निघताना असाच हात ठेवायची."

"कशासाठी?"

"ठाऊक नाय, सर... कधी विचारला नाय." हात मात्र त्यानं काढला नव्हता.