लंगड्या पोपटाची पोथी

सुई चालू असताना माणसाला हलता येत नाही, म्हणून तो बोलत सुटतो. माझ्या लेकीचं, मुक्ताचं, पंचवटीत टॅटूचं दुकान आहे. दर गुरुवारी मी तिथे खिचडी घेऊन जाते, आणि डबाभर किस्से घेऊन परतते.

पण यंदा जीव थाऱ्यावर नाही. आमच्या सासरची हाताने लिहिलेली, रंगीत चित्रांची रामकथेची पोथी चातुर्मासात माझ्याकडे असते, एरवी देवळ्याला थोरल्या जाऊबाईंकडे. मुक्ताने नक्षी बघायला मागितली आणि मी जाऊबाईंना न विचारता देऊन बसले. वर सोळा सोमवार बोलले, की निभावून ने रे देवा.

*

कॉलेजची एक मुलगी पोथीच्या काठावरची वेल घोट्यावर काढून मागत होती. मी म्हटलं, "पायावर नको गं, पोथीतली आहे."

"काकू, वेल पायाशीच उगवते ना?"

 मग नियम केला, पानं-फुलं कुठेही, देव कमरेच्या वर.

*

नांदगावच्या एकाने दंडावर अख्खा काठ काढून घेतला, मधल्या पिवळ्या डागासकट. मला राहवलं नाही. "अरे, ती नक्षी नव्हे. लिहिणाऱ्याचं चुकलं की तो त्यावर हरताळ फासायचा, तो पिवळा रंग आहे हा."

तो म्हणाला, "माहितीये काकू. खाली जुन्या मैत्रिणीचं नाव आहे."

*

मग एका लग्नपत्रिकावाल्याने मुक्ताकडून तोच काठ नेला. पोथीत त्या काठावरच्या पोपटाचा एक पाय कसरीने खाल्लाय. याने पोपट तस्साच छापला, एका पायाचा! त्यातली एक पत्रिका नेमकी देवळ्याला पोचली.

जाऊबाईंचा फोन आला. "आपला लंगडा पोपट लोकांच्या लग्नात काय करून राहिला गं? उद्या येते पोथी न्यायला. आता ती माझ्याकडंच राहील."

पोथी मुक्ताच्या दुकानात आहे, हे मी कबूल केलं आणि देवापुढे दिवा लावला.

*

जाऊबाई थेट दुकानातच आल्या. खुर्चीत भाजी मार्केटमधले एक दांडगे दादा, दंडावर पोथीतला मारुती अर्धा झालेला.  जाऊबाईंनी पोथी कापडात गुंडाळली, काखेत मारली, एक चप्पल पायात घातली.

तेवढ्यात दादा कळवळून उठले. "बास ताई. उरलेला पुढच्या महिन्यात."

जाऊबाई वळल्या. "बस खाली. अध्याय अर्धा टाकून उठायचं नसतं."

"मावशी, लय दुखतंय."

"पारायणात आमच्या पायाला मुंग्या येत्यात. आम्ही उठतो का?"

दादा बसले. जाऊबाईंनी चप्पल काढली, हात धुतले, स्टुलावर कापड अंथरून पोथी उघडली आणि मारुतीचं पान मुक्तासमोर धरलं.

"शेपटी नीट बघून काढ," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघताच, "बाहेर रिक्षा थांबलीय. त्याला म्हणावं, जा."