बाभळीचं ईझल

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे गुडगावला महिनाभर राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी कंटाळले. आमचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर. समोर अर्धवट बांधलेले तीन टॉवर, क्रेन आणि धूळ. नवरा आणि मी सकाळी ऑफिसला जायचो ते रात्रीच उगवायचो. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि संध्याकाळी मला सांगायचे, "आज त्या क्रेनने काही केलं नाही."

बाबा आयुष्यभर सांगलीतल्या एका शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवायची, गॅदरिंगचे पडदे रंगवायचे, पंधरा ऑगस्टला मैदानावर रांगोळी काढायची. पण त्याआधी ते मुंबईला आर्ट स्कूलमध्ये होते आणि तिथे गिरगावातल्या एका खोलीत त्यांच्याबरोबर एक मुलगा राहायचा. तो पुढे दिल्लीला गेला आणि फार मोठा चित्रकार झाला. इतका मोठा, की चित्रांशी काही देणंघेणं नसलेल्या माझ्या ऑफिसातल्या लोकांनाही त्याचं नाव माहीत असायचं.

दिल्लीला जाताना तो बाबांचं ईझल, कॅनव्हास टेकवायचा लाकडी घोडा, घेऊन गेला होता.

ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाली होती की ती ऐकताना कुणी हातातलं काम थांबवत नसे. माझे आजोबा सुतार. बैलगाड्यांची चाकं करायचे. ईझल म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. बाबांनी कागदावर काढून दाखवल्यावर चाकांच्या आऱ्यांसाठी आणलेल्या बाभळीच्या लाकडातून त्यांनी एक करून दिलं. जड म्हणजे इतकं जड, की जिन्यातून वर न्यायला हमाल करावा लागला. मित्राला शिष्यवृत्ती मिळाली, त्याच्याकडे ईझल नव्हतं, त्याचं सामान मालगाडीने जाणारच होतं. "नवीन घेतलं की हे परत पाठवतो," असं तो म्हणाला. झालं. शेजारणीने आमटीसाठी भांडं नेलं की आई दारातूनच सांगायची, "बघा हं, ईझल करू नका त्याचं." शेजारणीला काही कळायचं नाही, ती हसून निघून जायची.

चित्रकार वारून बरीच वर्षं झाली होती. रविवारच्या पेपरात मी एक चौकट वाचली: दिल्लीतल्या जंगपुऱ्यात पुढच्या रविवारी पायी फेरी, सोबत माहिती सांगणारा गाइड आणि शेवटी चित्रकाराच्या राहत्या घराला भेट. ते घर एरवी बंद असतं, असंही लिहिलं होतं. मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पेपर हातात घेतला, चष्मा लावून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "जाऊ या की."

मला वाटलं होतं, चला, एक रविवार तरी चांगला जाईल.

नवरा हैदराबादला गेला होता, म्हणून गाडी मी काढली. हायवेचं काम चालू होतं. जिथे कालपर्यंत रस्ता होता तिथे पत्रे लावलेले आणि डायव्हर्जनच्या पाटीवरचा बाण आकाशाकडे. जंगपुऱ्याच्या मार्केटपाशी पोचलो तेव्हा फेरी निघून गेली होती. धावत गाठावी तर बाबांचा गुडघा. शेवटी एका शिंप्याच्या दुकानापुढे घोळका दिसला. दुकान बंद होतं. गाइड बंद शटरकडे हात करून सांगत होती, की चित्रकार आपले कुडते इथेच शिवून घ्यायचा.

गाइड म्हणजे पंचविशीतली, गळ्यात कापडी पिशवी, बोलणं भराभर इंग्रजीत. बरोबरचे बहुतेक सगळे एकाच ऑफिसातले, कुणीतरी त्यांना टीम म्हणून आणलं होतं. ते आपापसात अप्रेझलबद्दल बोलत होते. सुट्टीच्या दिवशी तेच शब्द ऐकून माझं डोकं तिथेच तापलं.

मग दुधाचा बूथ. मग गुरुद्वाऱ्याचा कोपरा. मग एक चहावाला, त्याचे वडील म्हणे चित्रकाराला चहा पाजायचे. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांचे फोटो काढून होईपर्यंत थांबायचं. बाबांना इंग्रजी कळत होतं, पण तो वेग झेपत नव्हता. "काय म्हणाली?" असं ते मला विचारत, मी सांगेपर्यंत घोळका पुढे. एका ठिकाणी ते मोठ्यानेच म्हणाले, "चहा पीत नव्हता तो. त्याला चहाने पित्त व्हायचं."

"अंकल, क्वेश्चन्स एंड में, ओके?" गाइड गोड हसून म्हणाली.

"क्वेश्चन नहीं है," बाबा त्यांच्या शाळेतल्या हिंदीत म्हणाले. "मैं बता रहा हूँ."

ऑफिसवाल्यांतला एकजण हसला. मी बाबांचा दंड धरला आणि तो धरल्याचं बाबांना आवडलं नाही.

घर शेवटी आलं. खाली कुणाचं तरी पडद्यांच्या कापडाचं दुकान, वर जिना. पहिल्या मजल्यावर चित्रकाराची भाची राहत होती आणि तिने त्याच्या दोन खोल्या तशाच ठेवल्या होत्या. भाची पन्नाशीची, ट्रॅकसूटमध्ये, नुकतीच चालून आल्यासारखी. "शूज बाहर, प्लीज. और कुछ छूना नहीं है." बाबांना बूट काढायला वेळ लागला. आम्ही आत गेलो तेव्हा गाइडचं अर्धं बोलून झालं होतं.

पहिल्या खोलीत फोटो. त्यांतला एक मोठा: चित्रकार कॅनव्हाससमोर उभा, उजव्या हातात ब्रश. बाबा त्याच्यासमोर थांबले. "उलटा छापलाय," ते मला म्हणाले. "तो डावखुरा होता."

मी बघितलं. शर्टाचा खिसा जिथे असायला हवा तिथेच होता, डाव्या छातीवर. फोटो उलटा नव्हता. मी त्यांना पुढच्या खोलीकडे वळवलं.

दुसरी खोली स्टुडिओची. दारातून दोन पावलं आत आणि पुढे जाडसर दोरी बांधलेली. पलीकडे एक आरामखुर्ची, रंगांच्या ट्यूबा भरलेला पत्र्याचा डबा, खिडकीत एक सुकलेलं कुंडीतलं झाड आणि कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून ठेवलेलं ईझल. काळसर, रुंद पायांचं. त्याच्यावर एका चित्राची छापील प्रत टेकवली होती.

"अँड धिस," गाइड म्हणाली, "ही ब्रॉट विथ हिम फ्रॉम पॅरिस."

मी त्यांच्याकडे बघितलं तर ते ईझलाकडे बघत नव्हते. ते आपल्या पायाशी, जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि अगदी शांतपणे मराठीतच म्हणाले, "हे आपलं आहे."

"बाबा..."

"अगं, खिट्टी बघ ना. स्क्रू नाहीये त्याला. पॅरिसवाले लाकडाची खिट्टी लावतील? आणि ती बाभळ आहे. डावा पाय आखूड झाला होता, खाली पाचर मारलीय, दिसेल बघ."

दोरीच्या या बाजूने खिट्टीसारखं काहीतरी दिसत होतं. पाचर दिसत नव्हती, कारण पायाशी ट्यूबांचा डबा ठेवला होता. बाबा म्हणाले, मागच्या पायावर आजोबांची खूण असेल. पटाशीने मारलेल्या तीन तिरक्या रेघा, ते प्रत्येक चाकावर मारायचे. फक्त ईझल जरा फिरवून बघितलं पाहिजे.

आता बोलायचं कुणी? मीच बोलले. भाचीला हिंदीत समजावून सांगितलं, की माझे वडील मुंबईला यांच्याबरोबर राहायचे, हे ईझल माझ्या आजोबांनी केलेलं असू शकेल, आम्हाला काहीही नकोय, फक्त मागची बाजू एकदा बघू द्या. माझा आवाज ऑफिसात क्लायंटशी बोलताना होतो तसा झाला होता. मला स्वतःलाच तो आवडला नाही.

भाची रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने समजूतदारपणे मान हलवली. "देखिए, सबके पास मामाजी की कोई ना कोई कहानी होती है. लास्ट मंथ एक आंटी आई थीं, बोलीं पेंटिंग में जो औरत है वो मैं हूँ." ऑफिसवाले हसले. "अंकल, आप भी आर्टिस्ट हैं?"

"टीचर," बाबा म्हणाले.

"बहुत अच्छा," ती म्हणाली.

बाबांनी एक पाय उचलला. मला वाटतं, त्यांना नुसतं वाकून डब्यामागे बघायचं होतं, पण गुडघ्याने दगा दिला, त्यांनी तोल सावरायला दोरी धरली आणि दोरीच्या टोकाचा पितळी खांब धाडकन आडवा झाला. कुणाला लागलं नाही. काही मोडलं नाही. पण भाची धावली ती थेट ईझलापुढे, दोन्ही हात पसरून, जणू बाबा ते खांद्यावर टाकून पळणार होते. "अंकल, प्लीज! प्लीज बाहर!" गाइड "ओके गाइज, ओके गाइज" म्हणत सगळ्यांना जिन्याकडे ढकलू लागली.

खाली रस्त्यावर गाइडने सगळ्यांना विचारलं, फेरी कशी वाटली. बाबा बुटाची नाडी बांधत होते. ती त्यांच्याजवळ आली आणि म्हणाली, "अंकल, आय टोटली अंडरस्टँड." काय अंडरस्टँड, ते तिलाच माहीत.

परतताना धौला कुआँच्या चौकापुढे गाड्या जागच्या जागी थांबल्या. पुढे ट्रक बंद पडला होता म्हणे. एक बाई गाड्यांमधून खोबऱ्याच्या फोडी विकत फिरत होती. बाबा खिडकीतून तिच्याकडेच बघत बसले होते आणि त्याने मला आणखी चीड येत होती.

"फोटो उलटा नव्हता, बाबा," मी म्हणाले. "खिसा डावीकडे होता."

"मग फोटोसाठी उजव्या हातात धरला असेल."

"कशाला धरेल?"

"तुला काय माहीत तो कसा होता?"

"मला नाही माहीत. पण तुम्हाला तरी नक्की आठवतंय का? पन्नास वर्षं होत आली. बाभळ आहे हे दोरीच्या अलीकडून कळतं? सगळीच जुनी लाकडं काळी होतात."

मागचा कुणीतरी विनाकारण हॉर्न वाजवत होता. मला थांबता येईना. "आणि तुमचंच होतं तर इतक्या वर्षांत मागितलं का नाही? एक पत्र टाकायचं. तो जिवंत होता. आई जन्मभर भांड्यांवरून टोमणे मारत राहिली, तुम्ही एक पोस्टकार्ड टाकलं नाहीत."

गाडी दोन हात पुढे सरकली.

"टाकलं असतं," बाबा म्हणाले, "आणि त्याने विचारलं असतं, आपण कोण? मग?"

मला सगळ्याचाच राग आला: तो ट्रक, तो रस्ता, ती ट्रॅकसूटवाली, आणि हे असले बाबा, ज्यांनी मला शाळेत असताना, दुकानदाराने गोळाबेरीज चुकीची केली म्हणून, त्याच्याशी भांडायला पाठवलं होतं आणि स्वतः आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. घरी पोचलो तर सोसायटीत लाइट नव्हते, जनरेटरवर एकच लिफ्ट चालू होती आणि तिच्यापुढे सोफ्याची डिलिव्हरी घेऊन माणसं उभी होती. सोफा लिफ्टमध्ये मावत नव्हता. ते तो पुन्हा पुन्हा उभा-आडवा करून बघत होते. बाबा त्यांना म्हणाले, "पाय काढा त्याचे, पाय. स्क्रूचे असतील." पाय स्क्रूचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून फेरी काढणाऱ्यांना फोन केला. त्यांनी फीडबॅक मेल करायला सांगितलं. मी मेल केला, नीट, मुद्देसूद, आजोबांच्या खुणेचं चित्रही बाबांकडून काढून घेऊन स्कॅन करून जोडलं. उत्तर आलं नाही. आठवड्याने पुन्हा पाठवला. मग एका मीटिंगच्या मधल्या वेळात फोन केला, तर म्हणाले, भाचीला कळवलंय. भाचीचा नंबर द्यायला तयार नव्हते. मी म्हटलं, अहो, एक लाकूड फिरवून बघायचंय फक्त. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅम, वो हमारे हाथ में नहीं है." कुणाच्या हातात आहे हे त्याला सांगता येईना.

बाबा ठरल्यापेक्षा आधीच सांगलीला परत गेले. कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

उन्हाळ्यात त्या फेरीची चौकट पेपरात पुन्हा आली. मी लगेच फोन लावला, माझं एकटीचं नाव घालायला. गुडघा माझा ठणठणीत होता, दोरीखालून वाकता आलं असतं. नाव घेतल्यावर फोनवरची मुलगी सहज म्हणाली, की घर आता फक्त बाहेरून दाखवतात, फार तर फोटोंच्या खोलीपर्यंत. स्टुडिओ बंद केला. ओनरने सांगितलंय, ईझल वगैरे सामान आत हलवलंय.

"का?" मी विचारलं.

"पता नहीं मॅम. विंटर में कुछ इश्यू हुआ था."

मी नाव काढून टाकायला सांगितलं आणि तशीच चिडलेली बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, झालं, आता कुणालाच कधी कळणार नाही. पुढच्या वर्षी ती बाई बिल्डरला जागा देईल आणि ते लाकूड कुठे जाईल देव जाणे.

बाबा म्हणाले, "म्हणजे मागून बघितलं तिने."

"कशावरून?"

"नाहीतर हलवलं कशाला असतं?"

त्यांच्या आवाजात पुरेपूर समाधान होतं. कदाचित त्या बाईला दोरीचा पितळी खांब पुन्हा पडायला नको होता, एवढंच असेल. कदाचित खोली भाड्याने द्यायची असेल. हे सगळं मी बोलणार होते. पण बाबा तोवर मला त्यांच्याकडच्या उकाड्याबद्दल सांगायला लागले होते.