पुलाच्या अलीकडे

रंगारीबुवांना सगळं वर्कशॉप ‘अस्तर’ म्हणायचं. ‘अस्तर आले का?’, ‘अस्तरांना विचारा’, असं तोंडावरसुद्धा. खाली अस्तराचा हात दिल्याशिवाय या माणसाने आयुष्यात कशावर रंग चढवला नाही. “अस्तराशिवाय रंग म्हणजे आंघोळीशिवाय नवे कपडे,” हे त्यांचं वाक्य ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते.

सरकारी पाट्या रंगवता रंगवता त्यांचे केस पिकले, आणि त्याच सुमाराला देशाच्या चार विभागांचे सहा करायचं ठरलं. आता देश म्हणजे काही कापड नाही, धरलं आणि टर्रकन फाडलं. नदी कुठून वाहते, डोंगर कुठे आडवा येतो, कुठल्या गावाला कुठलं शहर जवळ, यावर मोठमोठ्या लोकांनी वर्षभर डोकेफोड केली. सगळं ठरल्यावर काम येऊन पोचलं बुवांच्या ब्रशपाशी. हद्दीवर पाट्या लावायच्या होत्या, एका तोंडाला ‘हद्द सुरू’ आणि दुसऱ्या तोंडाला ‘हद्द समाप्त’.

एका पाटीचा हुकूम मात्र बुवांनी दोनदा वाचला. लिहिलं होतं, ‘ओढ्यावरच्या पुलाच्या अलीकडे.’ त्या पुलाच्या पलीकडच्या टोकाला, अगदी खेटून, एकच घर होतं, आणि ते त्यांच्या अक्काचं होतं.

आई गेल्यावर अक्कानेच त्यांना लहानाचं मोठं केलं. आता तिच्या पायाची जखम काही केल्या भरत नव्हती. गावातली नर्स दर आठवड्याला पूल ओलांडून पट्टी बदलून जायची. पण नव्या नियमाने नर्सला हद्दीबाहेर पाऊल टाकायला बंदी, आणि अक्काच्या वाट्याला येणारा नवा दवाखाना टेकड्यांच्या पार. तिथे ती लंगडत जाणार कशी? “माझ्याकडे चल,” असं बुवांनी फोनवर शंभरदा सांगून पाहिलं होतं. “तुझ्या तिसऱ्या मजल्यावर येऊन काय कबुतरं हाकू?” हे तिचं ठरलेलं उत्तर.

बुवा साहेबांकडे गेले. “साहेब, अलीकडे म्हणजे कुणाच्या अलीकडे?”

“अहो, अलीकडे म्हणजे अलीकडे! आपण जिथून निघतो तिथून. उगाच शब्दाचा कीस काढू नका.”

बुवा बरं म्हणाले आणि कामाला लागले.

पाटी लावायच्या आदल्या संध्याकाळी ते बसने गेले, पूल ओलांडला आणि अक्काचं दार वाजवलं.

“अलीकडे येतच नाहीस रे,” अक्का दारातच म्हणाली.

“आता अलीकडेच आलोय,” बुवा हसले. तिला काही कळलं नाही, पण भाऊ मुक्कामाला आला म्हणून तिने दुखऱ्या पायाने घरभर धावपळ केली. तो पाय पाहून बुवांना रात्री धड झोप लागली नाही.

सकाळी खड्डा खणणारे दोघे टेम्पोतून खांब, कोरी पाटी आणि रंगाचे डबे घेऊन आले. “बुवा, पुलाच्या त्या बाजूला ना?”

“मी निघालो कुठून?”

“या घरातून.”

“मग? निघतो तिथून अलीकडे, साहेबांचा शब्द आहे.” दोघे एकमेकांकडे बघून हसले आणि त्यांनी अक्काच्या कुंपणापलीकडे, टेकड्यांच्या बाजूला, कुदळ मारली. घर आणि पूल, दोन्ही गावाच्याच हद्दीत राहिले. आसपास दुसरं घर नव्हतं, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही.

खांब रोवून ते दोघे गेले. कुठल्या तोंडाला काय लिहायचं ते आता नक्की झालं होतं. बुवांनी डबे मांडले. अक्का पायरीवर बसून बघत होती.

“पाटी लावायची नसती तर आला असतास का रे?” तिने विचारलं.

दोन वर्षांत त्यांनी इकडे पाऊल टाकलं नव्हतं. नर्सचं येणं चुकू नये म्हणून त्यांनी एवढा खटाटोप केला खरा, पण तिच्यासारखी एक खेप त्यांना स्वतःला जमली नव्हती. मनातून ते फार ओशाळले. त्यांनी अस्तराचा डबा उघडला, थोडा वेळ आत पाहिलं, झाकण परत दाबून बसवलं आणि कोऱ्या पत्र्यावर थेट रंग ओढायला सुरुवात केली.

“अरे, अस्तर विसरलास!”

“विसरलो नाही.”

“मग?”

“एका पावसात रंगाचे पोपडे सुटतील. वर्षभरात पाटी वाचता येणार नाही, आणि मग पुन्हा रंगवायला मलाच पाठवतील.”

“आणि एरवी येता येत नाही होय?”

“मी स्वतःला ओळखतो, अक्का. काम निघाल्याशिवाय माझे पाय वळत नाहीत.”

अक्काने ती ओली अक्षरं एकदा वाचली. मग तिने डोळे पुसले आणि पायरीवर सरकून त्यांना बसायला जागा केली.

“हद्द केलीस मेल्या,” ती म्हणाली.