आयभोवतीची भिंत

लेकरं डॉक्टर व्हायला फिलिपिन्सला गेली आणि आम्हा लातूर-नांदेडच्या आयांचा एक व्हॉट्सॅप ग्रुप झाला. फोन भरला की मी फोटो पुसते. तिथले किस्से मात्र पुसवत नाहीत.

*

टायफून येणार कळल्यावर देवणीच्या सुमनताईंनी मुलाला बजावलं, "पाणी उकळून पी." त्यांना तो टायफॉइडचा भाऊ वाटला. मुलगा म्हणाला, "मम्मी, समुद्राचं पाणीच तापलंय, म्हणून तर येऊन राहिलंय ते."

*

माझ्या रेणूनं ग्रुपच्या व्हिडिओ कॉलवर नीट सांगितलं. गरम समुद्राची वाफ वर चढते, खालची जागा भरायला चोहीकडून वारा धावतो, आणि पृथ्वी फिरते म्हणून तोही गरगर फिरतो.

अर्धापूरच्या कमलताई म्हणाल्या, "म्हणजे कुकरच की."

"हाव मावशी. पण गॅस बंद करायला कुणी न्हाई."

*

मग तिनं उपग्रहानं काढलेला वादळाचा फोटो पाठवला. एवढं मोठं पांढरं चक्र, आणि मधोमध एक स्वच्छ भोक. मी बघतच राहिले. त्या भोकाला इंग्रजीत 'आय', म्हणजे डोळा म्हणतात. आमच्या खेड्यात आईला आयच म्हणतात. सुमनताई म्हणाल्या, "आय मधी हाय, म्हणून तिथं शांत हाय."

रेणू म्हणाली, "पण आयभोवती ढगांची भिंत असते, सगळ्यात जास्त जोर तिथं. भिंत आवळून आय लहान झाली, की वारा लई चढतो."

कमलताई म्हणाल्या, "आमच्या सासूबाई पण ठेंगण्याच होत्या."

*

पुढचं वादळ थेट रेणूच्या गावावर निघालं. सकाळी फोटोत रुपयाएवढी असलेली आय दुपारी टिकलीएवढी झाली. कमलताईंनी लिहिलं, "आमच्या केळी तर साध्या वाऱ्यानं आडव्या होतात." लगेच डिलीट केलं. मी वाचलं होतं.

रेणूचा फोन आला. "आय, कधी कधी बाहेरून दुसरी भिंत उभी राहते. मग आतली विरते आणि जोर जरा उतरतो. तेवढी दुआ कर."

मी महादेवापुढं बसले. "देवा, अजून एक भिंत बांध," एवढंच मागितलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळपासून रेणूचा फोन बंद. संध्याकाळी दोन मेसेज एकदम आले. एक तिनं दुपारी लिहिलेला, नेटवर्क नसल्यानं अडकलेला: "आय आली. सगळं एकदम शांत. वर निळं आभाळ दिसतंय." दुसरा आत्ताचा: "खिडक्या गेल्या. आम्ही सगळ्या बऱ्या आहोत."

तिचे बाबा आमच्या ग्रुपवर नाहीत. त्यांनी चष्मा लावला, पहिला मेसेज दोनदा वाचला आणि माझ्याकडं बघत हळूच विचारलं, "तू कवा जाऊन आलीस?"