गुरुदास मेस्त्रीचा जर्मन फोनो

दांडीच्या किनाऱ्यावर होड्या बांधणारा गुरुदास मेस्त्री रागावला नाही, असा दिवस मालवणात उगवत नसे. लाकूड ओलं निघालं तर तो लाकडावर रागवे, सुकं निघालं तर सुकवणाऱ्यावर. चहा गरम असला तर बायकोवर, आणि तिच्याशी भांडता भांडता निवला तर कपबशीवर. मात्र एक राग त्याने वीस वर्षं कुणाला दाखवला नव्हता. तो शेजारच्या बाबलीच्या ओसरीवर चौरंगावर ठेवलेला होता.

बाबली म्हणजे आगबोटीवरून निवृत्त झालेला खलाशी. सासऱ्याने दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत म्हापशाहून आणून लग्नात दिलेला फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन, त्याला बायकोहून थोडा जास्तच प्रिय. लाकडी पट्ट्या जोडून केलेला रुंद कर्णा, पेटीवर जर्मन अक्षरांची पितळी पाटी. दर चतुर्थीच्या आधी बाबली तो साफ करायला गुरुदासला बोलवायचा आणि दर वर्षी तेच ऐकवायचा, "बघ रे मेस्त्री, हेका म्हणतत कारागिरी. तुझी हयात होडी ठोकूनच गेली." गुरुदास दात आवळून स्प्रिंगला तेल घालायचा.

कारण ती पेटी आणि तो कर्णा त्याच्याच हातचे होते. लढाईत विलायती माल बंद झाला, तेव्हा म्हापशाच्या एका दुकानदाराने त्याला कामावर ठेवलं. मोडक्या फोनोंची यंत्रं दुकानदार पुरवी, गुरुदास फणसाच्या लाकडात पेटी आणि कर्णा करी, आणि आवाज काढणाऱ्या चकतीसाठी अभ्रक कडावलच्या खाणींतून येई. जर्मन पाटी मात्र दुकानदार दार लावून स्वतः ठोकी. ते कळलं त्या दिवशी गुरुदास दुकानदाराला नको नको ते बोलला आणि हत्यारं उचलून घरी आला. पण तोवर एक पेटी बाबलीच्या सासऱ्याच्या गळ्यात पडली होती. शेजाऱ्याला फसवण्यात आपलाही हात लागला, या शरमेने तो गप्प बसला.

त्रेसष्ट साली मुंबईचे विजयकर मालवणात उतरले. जुने फोनो विकत घेऊन ते परदेशातल्या शौकिनांना पाठवत. पारखायला खिशात भिंग होतं, पण आठवडाभर चाललं ते सोबत घेतलेल्या गुरुदासचं नाक. एक कर्णा हुंगून तो म्हणाला की हा रॉकेलच्या डब्याचा आहे. दुसऱ्या पेटीबद्दल म्हणाला की चाळीस वर्षं समुद्राकाठी राहून ज्या स्क्रूला गंज नाही, तो स्क्रू परवाचा आहे. विजयकर मान डोलावत सगळं वहीत टिपून घेत. गुरुदासच्या एका शब्दावर त्यांनी सात घरांतले फोनो नाकारले आणि त्या सात घरांनी गुरुदासशी बोलणं सोडलं.

मग बाबलीचा फोनो पाहून विजयकरांनी भिंग खाली ठेवलं. हा सगळ्यांत अस्सल, असं म्हणून त्यांनी चिठ्ठीही लिहिली: जर्मनीत घडवलेला जुना फोनो, पारखी गुरुदास मेस्त्री. खाली सही तेवढी हवी होती. बाबलीची मान ताठ झाली होती.

गुरुदासने चिठ्ठी दोनदा वाचली. सही केली तर आपलं काम आपल्याच हाताने जन्मभरासाठी दुसऱ्याचं होणार, हे त्याला कळलं.

"हो जर्मन न्हय," तो म्हणाला. "हो माझ्या हातचो."

विजयकर समजूत घालावी तसे हसले. "मेस्त्री, बाकी सगळं तुमचं मान्य. पण असं काम मालवणात होत नाही."

गुरुदासने कर्णा उतरवून बाजूला ठेवला. त्याने चार स्क्रू काढून यंत्र ओसरीवर ठेवलं, चावीच्या भोकात चिंधी कोंबली आणि रिकामी पेटी खांद्यावर टाकून तो किनाऱ्याकडे निघाला. मागून बाबली ओरडत, त्याच्यामागून विजयकर बूट सांभाळत, आणि त्यांच्यामागून ती सात घरं.

गुडघाभर पाण्यात जाऊन त्याने पेटी सोडली. ती होडीसारखी डुलत उभी राहिली. आत हात फिरवून त्याने कोरडा तळवा सगळ्यांना दाखवला. होडीला भरतात तशी सांध्यांत कापूस आणि राळ भरलेली होती. पेटी करायची म्हणजे ती पाण्यात टिकली पाहिजे, एवढंच त्याला बापाने शिकवलं होतं.

"तुमची अस्सल जर्मन पण आणा," तो विजयकरांना म्हणाला. "दोनय सोडूया."

विजयकरांनी काही ती आणली नाही. पण माणूस धंद्याचा. त्यांनी गुरुदासला बाजूला घेतलं आणि अशा आणखी दहा करून मागितल्या. जुन्या दिसायला हव्यात, पाट्या ते देतील. पाटीवर माझं नाव घालाल का, असं गुरुदासने विचारलं. मालवणच्या मेस्त्रीचा फोनो परदेशात कोण घेणार, असं ते म्हणाले.

गुरुदासचं तोंड उघडलं, पण शिव्या ऐकू आल्या त्या मागे कान देऊन उभ्या असलेल्या बाबलीच्या. खलाशाने सात बंदरांत गोळा केलेल्या होत्या, एकही परत वापरावी लागली नाही. "माझो फोनो इकूचो नाय," हा त्यातला छापण्याजोगा भाग. विजयकर दुपारच्या एसटीने गेले.

मग बाबली गुरुदासकडे वळला. "वीस वर्सां गप कित्या रवलंस?"

"कोणी केलो म्हणान इचारलंस कधी?"

"माझ्या सासऱ्याक फसवलास."

"मी? आणि तू काय दर चतुर्थीक माझी आरती ओवाळतंस?"

पेटी उचलून दोघे भांडत निघाले, एक टोक याच्या हातात, एक त्याच्या. वाटेत गुरुदास थांबला आणि बाबलीच्या विहिरीकडे बोट करून खेकसला, "पयलां गोड्या पाण्यान धू ती. मीठ लाकूड खावन टाकतला."