जुनेराची गादी

मालनच्या तळपायाला खळगाच नव्हता. ओल्या पायानं सारवणावरून गेली की अख्खं पाऊल उमटायचं, आणि उभी राहिली की दोन्ही गुडघे जिवलग मैत्रिणींसारखे एकमेकांना चिकटायचे. धार गावातल्या शेजारणी 'फताडी' म्हणून मोकळ्या झाल्या. त्यांचं काय जातंय!

तिचे वडील तुकाराम शिंपी, तिचे दादा, मात्र वाकडी शिवण पाहून गप्प बसणारे नव्हते. एकदा त्यांनी तिच्या पावलाच्या आतल्या बाजूखाली तळहात घालून ती हलकेच उचलली, तशी गुडघ्यांत फट पडली. मग जुनेराच्या घड्या शिवून त्यांनी तिच्या जोड्यात बसवल्या. संध्याकाळची गुडघेदुखी पळाली.

पण चामड्याचा जोडा उंबऱ्याबाहेरचा. देवासच्या सुभद्राबाई तिला बघायला आल्या तेव्हा आई कुजबुजली, "बाहेरच्या कडांवर चाल, कुणाला कळायचं नाही." मालन तशी चालली आणि सोयरीक जमली.

वरात देवासला पोचली. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून पांढऱ्या कापडावरून घरात जायचं होतं. बैलगाडीच्या धक्क्यांनी गुडघे ठणकत होते, कडांवर चालणं काही जमेना. कापडावर भाकरीएवढे ठसे उठले.

"अरे राम, बहू तो फताडी निकली!" कुणीतरी खिदळलं.

आता आल्या गाडीनं माहेरी धाडणार, असं मालनला वाटलं.

सुभद्राबाईंनी तिला माजघरात नेलं, पाय पुसले आणि फडताळातून महेश्वरी काठाच्या दोन कापडी सपाता काढल्या. चामड्याच्या नव्हत्या, त्यामुळे चुलीपर्यंत चालणार होत्या. मालन त्या घालून उभी राहिली. गुडघ्यांत फट पडली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, मी बघायला आले तेव्हा तू पानसुपारी ठेवून आत गेलीस अन् तुझे दादा हात जोडून उभे राहिले. म्हणाले, पोरगी आईच्या सांगण्यानं तिरकी चालतेय, मी लपवून देणार नाही. पायाखाली एवढं असू द्या, म्हणजे गुडघे दुखत नाहीत. आतली गादी त्यांनीच दिली. वरचं कापड माझ्या लग्नातलं आहे."

मालननं आत बोट घालून पाहिलं. दादांचा बारीक टाका तिला डोळे मिटूनही ओळखता आला असता. ती सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडली.