कडीबाईविरुद्धचा अर्ज

शुक्रवारी कडीबाईचं काय करतील, हा घोर मंगळवारपासून आईच्या डोक्यातून हलत नव्हता. गुरुवारी फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज मांडताना तिने छेदाच्या जागी अंश लिहिला आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने ते उभं राहून दाखवून दिलं. परदेशात शिकवायला येऊन आठ महिने झाले होते. असं कधी झालं नव्हतं.

कडीबाई म्हणजे धाकट्याच्या शाळेच्या बसमधली बाई. नाव ताईने पाडलेलं. बसच्या दाराला आतून लोखंडी कडी होती आणि ती या बाईशिवाय कुणी उघडायची नाही, अगदी ड्रायव्हरनेसुद्धा. साठीला टेकलेली, ठेंगणी, गुडघ्याला पट्टा, गळ्यात शिट्टी. ड्रायव्हरच्या मागे घडीचं स्टूल टाकून ती मुलांकडे तोंड करून बसायची. म्हणजे बावीस वर्षं तिने उलट्या तोंडानेच प्रवास केला होता. खिडकीवर ताणलेल्या दोरीला सापडलेले हातमोजे, टोप्या, एकेकटे पायमोजे चिमट्याने लावलेले असत. वर्ष उलटलं तरी ती ते टाकायची नाही. हसायची मात्र नाही. मूल रडलं तर रुमाल पुढे करायची; नाक ज्याचं त्याने पुसायचं.

तिचा नियम एकच. सात वर्षांखालच्या मुलाच्या मनगटाला कार्ड, आणि कार्डावर ज्याचं नाव त्याच्याच हातात मूल. धाकटा चार वर्षांचा, कार्डावर आईचं नाव. पण नव्या सत्रात आईचं वेळापत्रक बदललं. बस थांब्यावर तीन वीसला यायची आणि आईला शाळेतून सुटून तिथे पोचायला चार वाजायचे. तरी बसच्या अर्जात तिने ‘मी स्वतः उतरवून घेईन’ असं बेधडक लिहून सही ठोकली, कारण त्याशिवाय जागा मिळत नव्हती. थांब्यावर उभी राहायची ताई, वय वर्षं नऊ.

“मोठं माणूस कुठंय?” कडीबाईने पहिल्या दिवशी दारातूनच विचारलं.

“मीच मोठी,” ताई म्हणाली.

कडी पुन्हा लागली. धाकटा बसबरोबर डेपोत गेला आणि आई धापा टाकत साडेचारला तिथे पोचली, तेव्हा तो बाकावर बसून कडीबाईची शिट्टी चोखत होता. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आईने तोंड उघडलं.

“बहीण आहे ती त्याची. रस्त्यावरची कोणी नाही.”

“नऊ वर्षांची आहे. तिलाच उतरवून घ्यायला कुणी तरी हवं.”

“माझी नोकरी आहे हो.”

“ठाऊक आहे. दिवसभर लोकांची दीडशे मुलं सांभाळता. घरची दोन जमत नाहीत.”

डेपोत पाच-सहा ड्रायव्हर हातात कप घेऊन उभे होते. त्यांतला एक फिसकन हसला. आईच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“तुम्हाला पगार बसमध्ये बसायचा मिळतो,” ती म्हणाली, “उपदेशाचा नाही.”

त्याच संध्याकाळी आंघोळ घालताना धाकट्याच्या मनगटावर तिला लाल वळ दिसला. कडं घातल्यासारखा, गोल.

“कडीबाईने धरलं का रे इथे?”

“हो,” धाकटा म्हणाला.

“जोरात?”

“हो.”

“हत्तीने धरलं का, विचार,” दारातून नवरा म्हणाला. “त्यालाही हो म्हणेल.”

आईला ते ऐकायचं नव्हतं. तिने डेपोच्या साहेबांना तक्रारीचा अर्ज लिहिला. तारीख, वार, वेळ, बसचा क्रमांक, सगळं जिथल्या तिथे. एक मुद्दा इकडचा तिकडे नाही. चौथ्या मुद्द्यात लिहिलं, ‘या बाईंना मुलाचा हात पिरगाळताना मी स्वतः पाहिले.’ ‘स्वतः’ हा शब्द तिने नंतर वरच्या बाजूला घातला.

सोमवारी बसमध्ये कडीबाईच्या जागी नवी मुलगी आली. कडीबाईला घरी बसवलं होतं आणि शुक्रवारी तिची चौकशी होती. नवी मुलगी गोड होती. कार्डाकडे बघायची नाही, कडीला हात लावायची नाही, मुलांना ‘चला चला राजा’ म्हणत खाली सोडायची. ताईने धाकट्याला घरी आणलं, दोघांनी दूध घेतलं आणि आईला वाटलं, सुटलो एकदाचे.

मंगळवारी बस आली, गेली, आणि धाकटा उतरलाच नाही. पुढच्या सीटवरचा मित्र एक थांबा आधी उतरला, म्हणून हाही उतरला होता. ताई थांब्यावर रडत उभी. आई चारला पोचली आणि दप्तर टाकून पळाली. मागच्या थांब्याजवळच्या टायरच्या दुकानात तो सापडला, टायरांच्या चळतीवर पाय हलवत बसलेला. दुकानदार त्याच्या मनगटावरच्या कार्डातला नंबर वाचून फोनच लावत होता.

“हे घ्या,” तो म्हणाला. आणि कार्डाचं इलॅस्टिक बोटाने उचलायला गेला तर बोट आत जाईना. त्याने कात्रीने ते कापलं. खाली लाल वळ. गोल, कडं घातल्यासारखा.

“इतकं आवळून कुणी बांधलं हो पोराला?”

बांधलं होतं आईने. रोज सकाळी, दोन वेढे देऊन, कार्ड हरवलं की कडीबाई बोलते म्हणून.

“उगाच उकरू नकोस,” त्या संध्याकाळी नवरा म्हणाला. “पुढच्या महिन्यात तुझा शाळेशी नवा करार व्हायचाय. अर्ज खोटा म्हणालीस की पुढे विचारणार, मुलाला उतरवून घेत कोण होतं? ती सही कुणाची?”

“माझी.”

“मग? शिक्षिका आहेस तू. चंबूगबाळं आवरावं लागेल इथून.”

“आणि तिचं?”

“तिचं ती बघेल. तुला तोंडावर पाडलं तेव्हा तिने बघितलं का?”

हे खरंच होतं. बुधवारचा अख्खा दिवस आई त्याच खऱ्याला धरून बसली. गुरुवारी मात्र अर्धा दिवस रजा टाकून ती तीनलाच थांब्यावर येऊन उभी राहिली.

रस्त्यापलीकडे कडीबाई होती. साधा तपकिरी कोट, गळ्यात शिट्टी नाही. बस आली. मुलं उतरू लागली तशी तिची बोटं कोटाच्या बाहीखाली एकेक मिटत गेली. बस हलली. धाकट्याने पलीकडे बघून जोरात हात हलवला. कडीबाईने हलवला नाही. लंगडत रस्ता ओलांडून ती सरळ आईसमोर आली.

“आज बरा वेळ मिळाला,” ती म्हणाली.

“मला तुमच्याशी बोलायचं होतं. तो वळ...”

“माझ्याशी काय बोलता? अर्ज मला लिहिला होतात?”

“माझी चूक झाली. मनापासून सांगते.”

“मन ठेवा तुमच्याकडे. मूल माझं असतं तर मीही लिहिलं असतं. पण बघून लिहिलं असतं.” तिने धाकट्याचं मनगट उचललं, उलटसुलट केलं आणि कार्ड आज सैल दोरीने बांधलेलं पाहून सोडून दिलं. “दोरी सुटेल ही. गाठ चुकलीय.”

आणि ती निघून गेली. मागे वळून बघण्यातली ती बाई नव्हती. आईला तिचा राग आला. आजही आला, अगदी पहिल्यासारखा, आणि राग असूनही जे करायचं ते टळत नव्हतं.

“आई, चल ना,” शेजारी उभी असलेली ताई म्हणाली. “बाबांनी सांगितलंय कुणाशी बोलायचं नाही.”

“बाबांना मी सांगेन.”

अर्जाची पोच पर्समध्ये घडी करून ठेवलेली होती. तिच्या खालच्या कोपऱ्यात डेपोच्या साहेबांचा नंबर होता, कामाची वेळ पाचपर्यंत. घड्याळात तीन अठ्ठावीस. आईने खाली बसून धाकट्याची गाठ सोडली, नीट पुन्हा बांधली, आत एक बोट घालून बघितलं.

“ताई, याचा हात धर,” ती म्हणाली, “आणि सोडू नकोस. मला एक फोन करायचाय.”